पाटी एकच, पत्ते दोन

सांगलीच्या बाजारपेठेत हळदीची अडत असणाऱ्या एका कुटुंबाने पेढी आणि तिच्या मागच्या अंगाची वखार या दोन्ही ठिकाणचे संगणक एकमेकांना जोडून घेतले. काम एका तरुण कारागिराने केले. निम्मे पैसे आधी दिले होते आणि उरलेले काम तपासून द्यावयाचे ठरले होते. ती तपासणी अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात शिकणाऱ्या घरातील थोरल्या मुलीने हौसेने आपल्याकडे घेतली.

तिने सी भाषेत एक लहानसा प्रोग्राम लिहिला. पेढीवरून वखारीच्या संगणकाशी संपर्क साधायचा, एक निरोप पाठवायचा आणि शेवटी ‘कोठून निघाला’ व ‘कोठे पोचला’ हे दोन पत्ते एका ओळीत छापायचे, एवढेच त्याचे काम होते. पेढीच्या संगणकाचा पत्ता १९२.१६८.१.१० आणि वखारीचा १९२.१६८.१.२० असल्याचे कारागिराने लिहून दिले होते. परंतु पडद्यावर दोन्ही जागी १९२.१६८.१.१० हाच पत्ता उमटला. पुन्हा चालवून पाहिले, तरी तेच.

एका जाळ्यात दोन संगणकांना एकच पत्ता असणे हा खराखुरा दोष आहे. एका गल्लीत दोन घरांना एकच क्रमांक दिला, तर टपाल कोणाकडे जाईल याची शाश्वती राहत नाही. मुलीने वडिलांना तसे सांगितले आणि वडिलांनी उरलेले पैसे रोखून धरले. कारागीर दोनदा येऊन गेला. “पत्ते वेगळेच दिले आहेत, शेठ,” एवढेच तो म्हणे. पण पडद्यावरच्या अक्षरांपुढे त्याच्या शब्दाला किंमत उरली नव्हती.

आयुष्यभर कीर्द-खतावणी लिहिलेल्या आजोबांना संगणकाचे ज्ञान नव्हते. त्यांनी एकच प्रश्न विचारला.

“बाळ, तुझा निरोप वखारीत पोचला का?”

“पोचला, आजोबा. तिथल्या पडद्यावर दिसला.”

“मग माल पोचला आणि पावतीवर पत्ता चुकला, असेच ना? त्यात हमालाला कशाला बोल लावायचा? पावती कोण लिहितो, ते बघ.”

प्रोग्राममध्ये ‘पावती’ लिहिण्याचे काम ‘इनेट_एनटीओए’ या ग्रंथालयीन फंक्शनकडे होते. संगणक आपला पत्ता आतमध्ये ३२ बिटांची एक संख्या म्हणून ठेवतो. माणसाला वाचता येईल असे टिंबांनी विभागलेले चार आकडे त्या संख्येपासून तयार करून देणे, एवढेच या फंक्शनचे काम. १९८३ साली बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातून ४.२ बीएसडी ही प्रणाली बाहेर पडली आणि तिच्याबरोबर सॉकेटची जी मांडणी रूढ झाली, तिच्याच घराण्यातील हे फंक्शन आहे.

मुलीने आता शोध पायरीपायरीने घेतला. प्रथम तिने दोन्ही पत्त्यांच्या मूळ संख्या छापल्या. त्या वेगवेगळ्या निघाल्या. म्हणजे जाळे निर्दोष होते. मग दोन्ही पत्ते एका ‘प्रिंटएफ’मध्ये न छापता दोन स्वतंत्र ओळींत छापले. दोन्ही अचूक आले. तोच मूळ प्रोग्राम तिने महाविद्यालयातील दोन संगणकांवर, दुसऱ्या कंपायलरने तयार करून चालविला. तेथेही दोन्ही जागी एकच पत्ता आला. मात्र या वेळी तो निरोप पाठविणाऱ्याचा नसून घेणाऱ्याचा होता. शेवटी फंक्शनने परत दिलेले दोन पॉइंटर तिने छापले, तेव्हा दोन्ही स्मृतीतील एकाच जागेकडे बोट दाखवीत होते.

उलगडा मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलेला होता. हे फंक्शन उत्तर लिहिण्यासाठी स्वतःची एकच ठरलेली जागा वापरते आणि पुढच्या वेळी बोलावले की आधीचे उत्तर पुसून तेथेच नवे लिहिते. पेढीवरची पाटी तशीच असते. पहिल्या गिऱ्हाइकाचा हिशेब पाटीवर मांडला, वहीत उतरविण्यापूर्वीच पुसून दुसऱ्याचा मांडला आणि मग दोघांनाही तीच पाटी दाखविली, तर दोघांना एकच रक्कम दिसणार. ‘प्रिंटएफ’ छपाईला बसले, तोवर दोन्ही पत्ते मांडून झाले होते आणि पाटीवर शेवटचाच उरला होता. शेवटचा कोणता, हे मात्र ठरलेले नाही. कारण एका फंक्शनला दिलेल्या राशींपैकी कोणती आधी काढायची, याचा क्रम सी भाषा बांधून देत नाही. कोणी कंपायलर उजवीकडून सुरुवात करतो, कोणी डावीकडून. घरचे आणि महाविद्यालयातले उत्तर वेगळे आले, ते यामुळे.

उपाय सोपा होता. मुलीने १६ अक्षरांच्या दोन स्वतंत्र जागा राखल्या. टिंबांसह पत्ता जास्तीत जास्त १५ अक्षरांचा असतो आणि शेवटच्या शून्यखुणेला एक जागा लागते. मग तिने ‘इनेट_एनटीओपी’ हे नवे फंक्शन वापरले. त्याला कोठे लिहायचे आणि जागा किती आहे, हे सांगावे लागते. त्यामुळे प्रत्येक उत्तर आपापल्या वहीत उतरते. शिवाय जुन्या फंक्शनला न येणारे आयपीव्ही-६चे लांब पत्तेही ते लिहू शकते.

हीच सवय ‘गेटहोस्टबायनेम’ आणि तारीख-वेळ सांगणारे ‘सीटाइम’ यांनाही आहे. त्यांचेही उत्तर पाटीवरचे असते आणि लगेच उतरवून घ्यावे लागते. त्यांतील पहिल्याची जागा घेणारे ‘गेटअ‍ॅड्रइन्फो’ प्रत्येक वेळी नवी जागा मिळवून देते, मात्र काम झाल्यावर ती ‘फ्रीअ‍ॅड्रइन्फो’ने परत करावी लागते. उसने घेतलेले परत करायचे, हा नियम येथेही आहे. म्हणून ग्रंथालयातील कोणतेही फंक्शन वापरण्यापूर्वी उत्तर कोणाच्या जागेत आहे, ते किती वेळ टिकेल आणि ती जागा कोणी मोकळी करायची, हे तीन प्रश्न मॅन्युअलला विचारावेत.

त्या संध्याकाळी दुरुस्त प्रोग्राम चालला आणि दोन्ही पत्ते कारागिराने लिहून दिल्याप्रमाणेच उमटले. वडिलांनी त्याला बोलावून उरलेले पैसे दिले. मुलगी त्याच्यासमोर आली आणि म्हणाली, “दादा, चूक माझ्या प्रोग्रामात होती. तुमच्यावर उगाच आळ आला.”

त्याने पैसे मोजून खिशात ठेवले. “दुसऱ्या पेठेतल्या एका पेढीलाही ही गोष्ट कळली होती, ताई,” तो म्हणाला. “तेवढे त्यांना सांगा.”

वडिलांनी त्याच्यासमोरच फोन उचलला.