आधी पत्रिका तपासा

घरात लग्न ठरलं की पत्रिकेचा मसुदा माझ्याकडे येतो. शाळेत मराठीच्या बाई म्हणून आयुष्य गेलं, त्यामुळे हे काम आपोआप माझं. एक शब्द हमखास चुकलेला सापडतो: ‘आर्शिवाद’. रफार ‘वा’वर हवा, तो ‘शि’वर चढून बसतो. शब्द हळू म्हणून पाहा, आ-शीर्-वाद. ‘र’ कुठे येतो ते कानालाच कळतं. ‘उज्वल’ भविष्याचंही तसंच. उत् अधिक ज्वल, म्हणून ‘उज्ज्वल’, ज दोनदा. श्रद्धांजलीत द आधी, ध नंतर. माणूस गेल्यावर निदान एवढं तरी नीट लिहावं.

ऱ्हस्व-दीर्घाचा बाऊ करणाऱ्यांना मी एकच सांगते. साहित्य महामंडळाचे 14 नियम शासनाने 1962 साली मान्य केले, 1972 मध्ये आणखी चार आले. सगळे मिळून 18. त्यातले दोन धरले तरी निम्मं काम होतं. शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ: पाणी, गहू, की. ‘आणि’ व ‘नि’ हे अपवाद. दुसरा नियम, शेवटचं अक्षर अकारान्त असेल तर त्याच्या आधीचा इकार-उकार दीर्घ: खूप, फूल, मूल. प्रत्यय लागला की तो ऱ्हस्व होतो: फुलाला, मुलाला. गुण, विष असे संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द या दुसऱ्या नियमात बसत नाहीत, त्यांच्यासाठी शब्दकोश उघडावा.

मला खरा राग येतो तो जाहिरातींचा. हिंदी मजकूर घ्यायचा आणि त्यावर मराठी प्रत्यय चिकटवायचे! ‘आम्हाला गर्व आहे’ म्हणे. अहो, गर्वाचं घर खाली असतं. आपल्याला असतो तो अभिमान. ‘माझी मदत करा’ नव्हे, ‘मला मदत करा’. डबा ‘खाली’ नसतो, रिकामा असतो. पैसे देऊन लिहून घेतलेल्या मजकुरात अशा चुका दिसल्या तर त्या कंपनीला जरूर कळवा. तिथे भीड कसली?

माणसांच्या बोलण्याशी मात्र असं वागू नका. हे मी ठेच लागून शिकले. माझी धाकटी जाऊ मराठवाड्यातली. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत ती म्हणाली, “ताई, चकल्या मी करेल.” मी सगळ्यांदेखत म्हटलं, “करेल नाही गं, करेन!” चकल्या तिने केल्या, छान केल्या, पण दोन दिवस माझ्याशी बोलली ती मान हलवूनच. चूक तिची नव्हती. तिच्या गावात सगळे तसंच बोलतात. कोल्हापूरकडच्या बायका ‘मी आलो’ म्हणतात, नागपूरकडे ‘काय करून राहिला?’ विचारतात, मुंबईत कुणाला पुस्तक ‘भेटतं’. ती त्यांची बोली आहे, आणि पुण्याची बोलीही शेवटी एक बोलीच. (हे वाक्य पुण्यात बसून लिहिते आहे, याची नोंद घ्यावी.)

अर्जात, पत्रात, परीक्षेत मात्र ‘मी येईन’ आणि ‘तो येईल’ असंच लिहावं; तिथे प्रमाणभाषा अपेक्षित असते. मुलांना हे सांगायचं तर एकटं गाठून सांगा, आणि ‘घरी बोलतोस ते चूक’ असं चुकूनही म्हणू नका. पुढे मूल वर्गात तोंडच उघडत नाही, हे मी पाहिलं आहे.

तेव्हा आपला काटेकोरपणा छापील मजकुरावर खर्च करू या. पत्रिका असो, वाढदिवसाचा फलक असो की दुकानाची पाटी, छापायला देण्याआधी घरातल्या दोघांकडून मोठ्यांदा वाचून घ्या. आणि छापखान्यातून नमुना आला की पुन्हा वाचा. मसुद्यात नीट लिहिलेला आशीर्वाद बहुतेक वेळा तिथेच घसरतो.