फोनवरच्या इंग्रजीत ‘अहो’ कुठून आणायचे?

भिलाईतल्या मराठी घरात दिवसभरात किती भाषा कानावर पडतात, हे बाहेरच्यांना सांगून पटायचे नाही. घरात मराठी, बाजारात हिंदी, भाजीवालीशी छत्तीसगढी आणि शेजारी तेलुगू, बंगाली नाहीतर मल्याळी. १९५५ साली सोव्हिएत संघाशी करार झाला, १९५९ साली पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी सुरू झाली आणि देशाच्या कानाकोपऱ्यातून माणसे येथे येऊन राहिली. समोरासमोर असताना ही सरमिसळ छान जमते. शब्द अडला तर हात मदतीला येतो, चेहऱ्यावरचे हसू मदतीला येते. पण चेन्नईहून किंवा कोलकात्याहून कामाचा फोन आला की दुवा उरतो तो बहुधा इंग्रजीचाच, आणि फोनवर हसू दिसत नाही!

समजा, हथखोजच्या औद्योगिक भागातल्या एका लहान कारखान्यात आपली मराठी मुलगी नुकतीच नोकरीला लागली आहे. इंग्रजीत गुण उत्तम. फोन वाजतो. पलीकडचे गृहस्थ मालकांची चौकशी करतात. मुलगी म्हणते, ‘‘हू आर यू? टेल युअर नेम. सर इज नॉट देअर.’’ मुलीला वाटते, आपण नीट उत्तर दिले. गृहस्थांना वाटते, येथे आपली कदर नाही. ते पुढची मागणी दुसरीकडे नोंदवतात आणि कारण काही सांगत नाहीत.

मुलगी उद्धट नव्हती. तिच्या मनातले मराठी वाक्य अगदी अदबीचे होते : ‘‘कोण बोलताय आपण? नाव सांगा ना. साहेब नाहीत हो.’’ पण ही सगळी अदब ‘आपण’मध्ये, ‘सांगा’मध्ये, ‘नाहीत’मध्ये आणि शेवटच्या ‘हो’मध्ये होती. शब्दाला शब्द ठेवून भाषांतर केले आणि नेमकी तीच गळून पडली. इंग्रजीत लहान मुलालाही ‘यू’ आणि मोठ्या साहेबालाही ‘यू’. मग इंग्रज माणूस आपले ‘अहो-जाहो’ कुठे ठेवतो? तो ते ‘कुड’, ‘वुड’, ‘मे’ या छोट्या शब्दांत आणि वाक्याच्या प्रश्नार्थी वळणात ठेवतो. म्हणून एकच खूणगाठ बांधा : मनात ‘सांगा’ आले की त्याचे आधी ‘सांगाल का?’ करा, मग इंग्रजीत बोला.

फोन उचलताना

दूरध्वनीचे जनक ग्रॅहम बेल यांना ‘अहॉय’ असा पुकारा पसंत होता. एडिसन यांनी १८७७ साली सुचवलेला ‘हॅलो’ मात्र टिकला. तरी कार्यालयात नुसते ‘हॅलो’ पुरत नाही. ‘‘गुड मॉर्निंग’’ म्हणून आधी कारखान्याचे नाव, मग स्वतःचे नाव सांगा. योग्य जागी फोन लागला, हे पलीकडच्याला लगेच कळते.

नाव विचारायचे असेल तर : ‘‘मे आय नो हू इज कॉलिंग, प्लीज?’’

साहेब जागेवर नसतील तर : ‘‘आय ॲम अफ्रेड ही इज नॉट ॲट हिज डेस्क. वुड यू लाइक टु लीव्ह अ मेसेज?’’ येथे ‘अफ्रेड’ म्हणजे भीती नव्हे. आपल्या ‘माफ करा, पण’चे काम हा शब्द करतो. साहेब जेवायला गेलेत की दवाखान्यात, हे मात्र सांगू नये. तो त्यांचा खासगी प्रश्न.

थांबायला सांगायचे असेल तर ‘‘वेट’’ असे तुटक नको. ‘‘कुड यू होल्ड फॉर अ मिनिट, प्लीज?’’ म्हणा आणि परतल्यावर ‘‘थँक यू फॉर होल्डिंग’’ म्हणायला विसरू नका.

कोणी तुम्हालाच विचारले, ‘‘वुड यू माइंड होल्डिंग?’’ तर उत्साहाने ‘‘यस’’ म्हणू नका! त्याचा अर्थ ‘माझी हरकत आहे’ असा होतो. ‘‘नॉट ॲट ऑल’’ हे योग्य उत्तर.

ऐकू आले नाही तर

‘‘व्हॉट?’’ हे ‘काय?’ असे खेकसल्यासारखे लागते. ‘‘सॉरी, कुड यू से दॅट अगेन, प्लीज?’’ म्हणा. संकोचाने ‘यस, यस’ म्हणत राहणे तर सर्वांत महाग. ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’ फोनवर जवळजवळ सारखेच ऐकू येतात. पंधरा टनांच्या जागी पन्नास टन माल कापला गेला, तर भुर्दंड कोणाला? म्हणून आकडा सुटा करून परत वाचून दाखवा : ‘‘वन-फाइव्ह, फिफ्टीन टन्स. इज दॅट करेक्ट?’’ परदेशातला ग्राहक असेल तर ‘लाख’ त्याला कळणार नाही, ‘हंड्रेड थाउजंड’ म्हणा. तारीख सांगताना महिन्याचे नाव घ्या, कारण अमेरिकेत आधी महिना आणि मग दिवस लिहितात. आडनावाचे स्पेलिंग ‘डी फॉर दिल्ली, एम फॉर मदर’ असे सांगितले की ‘डी’चा ‘बी’ होत नाही.

‘आउट ऑफ स्टेशन’, ‘डू द नीडफुल’ ही आपल्याकडची इंग्रजी भारतात सगळ्यांना समजते. परदेशी माणसाशी बोलताना मात्र ‘‘ही इज आउट ऑफ टाउन’’ किंवा नेमके काय करायचे ते सांगितलेले बरे.

समोरचा रागावला असेल तर

माल उशिरा पोचला म्हणून गृहस्थ तावातावाने बोलत आहेत. ‘‘दॅट इज नॉट माय डिपार्टमेंट’’ हे वाक्य आगीत तेल ओतते. आधी त्यांना पुरते बोलू द्या. मग म्हणा, ‘‘आय ॲम सॉरी अबाउट द डिले. लेट मी चेक अँड कॉल यू बॅक बाय फोर ओ’क्लॉक.’’ आणि चारच्या आत खरोखर फोन करा. माहिती मिळाली नसेल तर तेवढे सांगण्यासाठी तरी करा. दिलेली वेळ पाळली नाही, तर ‘कुड’ आणि ‘वुड’ दोन्ही वाया.

सराव कसा कराल?

वरची पाच-सहा वाक्ये एका कार्डावर मराठी लिपीत लिहून फोनजवळ ठेवा. रात्री जेवणे झाल्यावर घरातल्या कोणाला तरी पाठमोरे बसवा, त्याला रागीट ग्राहक करा आणि बोला. पाठमोरे अशासाठी, की चेहऱ्याचा आधार मिळू नये. घाईने बोलू नका. मोठे शब्द शोधू नका, उच्चार साहेबी करण्याचा आटापिटाही नको.

‘बसा ना’, ‘येता का जरा’, ‘सांगाल का’ हे आपल्याला कोणी वर्गात शिकवले नाही, आईच्या तोंडून ऐकून आले. अदब आपल्याकडे आहेच. इंग्रजीत तिची जागा तेवढी वेगळी आहे.