पाण्याखाली दम धरू नका

दिवाळीची किंवा मे महिन्याची सुटी लागली की आपल्या नंदाखाल, आगाशी, अर्नाळा भागातील अनेक कुटुंबे मालवणची वाट धरतात. पूर्वी मालवणला जायचे ते सिंधुदुर्ग किल्ला पाहायला आणि मासे खायला. आता त्यात स्कुबा डायव्हिंगची भर पडली आहे. पाठीवर सिलिंडर बांधून पाण्याखालचे प्रवाळ आणि रंगीत मासे पाहायचे. आनंद मोठा आहे, यात शंका नाही. आपल्या वसईच्या किनाऱ्यावर खाडीच्या गाळाने पाणी गढूळ असते, हाताच्या अंतरावरचेही दिसत नाही. त्यामुळे हा खेळ आपल्याला नवा आहे.

सुटीपूर्वी दवाखान्यात या संबंधी दोन प्रश्न हमखास विचारले जातात. पहिला, "डॉक्टर, कोणते सामान चांगले?" आणि दुसरा, "तुमची चिठ्ठी लागेल का?" तिसरा प्रश्न क्वचितच कोणी विचारतो. किती खोल जायचे, किती वेळ थांबायचे आणि किती हवा शिल्लक असताना परत फिरायचे, हा तो प्रश्न. माझ्या मते माणसाचा जीव सामानापेक्षा या तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावर अधिक अवलंबून असतो.

सिलिंडरात असते काय?

प्रथम एक गैरसमज दूर करू. पाठीवरच्या सिलिंडरला आपण सर्रास 'ऑक्सिजनचा सिलिंडर' म्हणतो. वर्तमानपत्रातही तसेच छापून येते. प्रत्यक्षात त्यात असते आपलीच साधी हवा, दाबून भरलेली. एकवीस टक्के ऑक्सिजन आणि बाकी बहुतेक नायट्रोजन. शुद्ध ऑक्सिजन सहा मीटरच्या खाली श्वासात घेतला तर झटके येऊ शकतात, आणि पाण्यात झटका येणे म्हणजे बुडणेच. ऑक्सिजनची बाटली जरूर हवी, पण ती पाठीवर नव्हे, बोटीवर. अपघात झाला तर रुग्णाला देण्यासाठी.

विहिरीतली सवय घातक

आपल्याकडची मुले विहिरीत आणि बावखलात पोहायला शिकतात. तळाची माती काढून आणणारा पोरगा वाडीत हिरो ठरतो. त्याचे कौशल्य एकच, दम धरणे. हेच कौशल्य स्कुबात घातक ठरते, आणि चांगल्या पोहणाऱ्यालाच त्याचा धोका अधिक.

कारण साधे आहे. पाण्यात दर दहा मीटरला एक वातावरणाइतका दाब वाढतो. पृष्ठभागावर एक, दहा मीटरवर दोन, वीस मीटरवर तीन. विहिरीत सूर मारणारा वरची हवा छातीत घेऊन जातो. ती खाली आकसते आणि वर येताना पुन्हा मूळ आकाराची होते. काही बिघडत नाही. स्कुबात मात्र माणूस खालीच, दाबाखालची हवा घेतो. १९४३ साली फ्रान्समध्ये कूस्तो आणि गान्यॉं यांनी जे यंत्र तयार केले त्याची करामतच ही, की जेवढा पाण्याचा दाब तेवढ्याच दाबाची हवा ते तोंडात देते. आता दहा मीटरवर छाती भरून घेतली आणि दम धरून वर आलात, तर तीच हवा दुप्पट जागा मागते. फुप्फुस फाटते, हवेचे बुडबुडे रक्तात शिरून मेंदूपर्यंत जाऊ शकतात. छाती पूर्ण भरलेली असेल तर यासाठी जेमतेम सव्वा मीटर पाणीही पुरते. म्हणून स्कुबाचा पहिला नियम: श्वास चालू ठेवा, कधीही रोखू नका. घाबरून वर झेप घेऊ नका.

हवेचा हिशेब

आता पाचवीतल्या मुलालाही जमेल असे गणित करू. बारा लिटरचा सिलिंडर दोनशे बार दाबाने भरला की त्यात २४०० लिटर हवा मावते. शांत माणसाला मिनिटाला सुमारे वीस लिटर लागते असे धरू. जमिनीवर ही हवा १२० मिनिटे पुरेल. दहा मीटरवर दाब दुप्पट, म्हणून ६० मिनिटे. वीस मीटरवर ४०, तीस मीटरवर फक्त ३०. सिलिंडर तोच, माणूस तोच. खोली वाढली की वेळ घटतो.

शिवाय हवा शेवटच्या थेंबापर्यंत वापरायची नसते. पन्नास बार शिल्लक असताना वर या, असे सर्वत्र सांगतात. उथळ पाण्यात ते पुरेसे आहे. पण तीस मीटरवर सोबत्याची हवा संपली तर? दोघे एकाच सिलिंडरवर आले. घाबरलेला माणूस दुप्पट श्वास घेतो, म्हणजे दोघांना मिनिटाला ऐंशी लिटर, आणि तेथे चौपट दाब. सावरायला एक मिनिट लागले तर ३२० लिटर गेले. मिनिटाला नऊ मीटर या सुरक्षित वेगाने वर यायला साडेतीन मिनिटे धरली तर आणखी सुमारे सातशे. एकूण हजार लिटरच्या घरात, म्हणजे ऐंशी बारहून अधिक. पन्नास बार, म्हणजे सहाशे लिटर, वाटेतच संपतील! राखीव हवा स्वतःसाठी नव्हे तर दोघांसाठी मोजायची, आणि ती खोलीप्रमाणे बदलते. हे कोणत्याही महागड्या यंत्रात विकत मिळत नाही. पाण्यात उतरण्यापूर्वी कागद-पेन्सिल घेऊन करायचे काम आहे.

सामान किती आणि कोणते?

हल्ली काही तरुण शिक्षण घेण्याआधीच सामानाची यादी घेऊन येतात. माझे मत विचाराल तर सामान थोडे, साधे आणि ओळखीचे असावे. अंगावर लोंबणारी प्रत्येक वस्तू जाळ्यात, दोरीत, प्रवाळात अडकणारी वस्तू आहे. जे का घेतले हे सांगता येत नाही ते बोटीवर ठेवा.

पहिली खरेदी मुखवट्याची करा. पट्टा न लावता तो चेहऱ्यावर ठेवा आणि नाकाने किंचित श्वास आत ओढा. मुखवटा चिकटून राहिला तर तो तुमचा. किंमत पाहू नका. पोहण्याचा साधा चष्मा येथे चालत नाही, कारण त्यात नाक झाकले जात नाही आणि आतला दाब सारखा करता येत नाही. श्वासाच्या यंत्राला दुसरी, जादा नळी हवीच, ती सोबत्यासाठी. हवेचा दाब दाखवणारे मीटर हवे आणि ते स्वतः पाहण्याची सवय हवी. भाड्याचे सामान असेल तर बोटीवरच तोंडाला लावून चार श्वास घेऊन पाहा. हवेला तेलाचा किंवा धुराचा वास आला तर उतरू नका.

मनगटावरचा डायव्ह कॉम्प्युटर उपयोगी आहे, पण त्याला फक्त खोली आणि वेळ कळते. तुम्ही रात्रभर प्रवास करून आलात, पाणी कमी प्यालात, आदल्या रात्री 'बसला' होतात, हे त्याला ठाऊक नसते.

गोटी सोड्याची गोष्ट

खोल पाण्यात श्वासातला नायट्रोजन रक्तात विरघळतो. सावकाश वर आलात तर तो सावकाश बाहेर पडतो. घाईने आलात तर गोटी सोड्याची बाटली फोडल्यासारखे बुडबुडे उठतात. सांधे दुखतात, हातपाय बधिर होतात, प्रसंगी लकवा होतो. फ्रान्सच्या पॉल बेर यांनी १८७८ साली याचे कारण दाखवले आणि १९०८ साली इंग्लंडच्या हाल्डेन यांनी वर येण्याची कोष्टके दिली. आजही नियम तोच: हळू वर या, आणि पाच मीटरवर तीन मिनिटे थांबा. एका बुडीनंतर बारा तास आणि अनेक बुड्यांनंतर अठरा तास विमानात बसू नका. मालवणहून गगनबावडा किंवा आंबोलीचा घाट चढून कोल्हापूरकडे जाणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावे, घाटातही हवेचा दाब कमी होतो. पर्यटकांची उथळ बुडी असेल तर धोका फार कमी, तरी घाई कशाला?

कोणी उतरू नये?

फिट येणारे, गरोदर स्त्रिया आणि पूर्वी फुप्फुसाला भोक पडून छातीत हवा शिरलेले, यांनी उतरूच नये. दमा, मधुमेह, हृदयविकार, कानाच्या पडद्याचे दुखणे किंवा जुना क्षय असेल तर आधी तज्ज्ञाकडून तपासून घ्यावे. पंचेचाळिशी ओलांडलेल्यांनी, विशेषतः विडी-सिगारेट ओढणाऱ्यांनी, हृदयाची तपासणी करावी. पाण्यात हृदयावर ताण येतो. साधी सर्दी असली तरी बेत पुढे ढकला. कानाचा दाब सारखा होत नसेल आणि दुखू लागले तर तेथेच थांबा, जोर लावू नका.

बोटीवर एक फॉर्म भरून घेतात. वीस प्रश्न आणि वीसही ठिकाणी 'नाही'. पैसे भरले आहेत, मंडळी वाट पाहत आहेत, म्हणून दमा लपवला जातो. वाचकहो, तो फॉर्म मालकाच्या बचावासाठी आहे असे समजू नका. तो तुमच्या बायकामुलांसाठी आहे. म्हणून माझी सूचना आहे की तो घरी, निघण्याच्या आठ दिवस आधी वाचावा. संयोजकांनीही तो आधी पाठवावा. त्याला खर्च काहीच नाही.

जाण्यापूर्वी विचारा

मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ स्कुबा करून परतणाऱ्या पर्यटकांची बोट उलटली आणि दोघांचा मृत्यू झाला. पाण्याखाली काही झाले नव्हते, घात झाला तो परतीच्या वाटेवर. म्हणजे बेत आखायचा तो किनाऱ्यापासून किनाऱ्यापर्यंत. बोटीत किती माणसे बसणार? प्रत्येकाला लाइफ जॅकेट आहे का आणि ते अंगावर आहे का? एका प्रशिक्षकाकडे किती नवखे? किती मीटर खोल नेणार? बोटीवर ऑक्सिजन आहे का? काही झाले तर कोणत्या रुग्णालयात नेणार? चांगला संयोजक या प्रश्नांनी चिडत नाही, उलट त्याला बरे वाटते. जो चिडेल त्याच्या बोटीत बसू नका.

ज्यांना हा छंद पुढे न्यायचा आहे त्यांनी रीतसर शिकावे. तारकर्लीला राज्याच्या पर्यटन महामंडळाचे प्रशिक्षण केंद्र आहे. पहिल्या प्रमाणपत्राने अठरा मीटरपर्यंत जाता येते, तेवढ्यात पाहण्यासारखे पुष्कळ आहे. आणि ठरवलेली हवा संपत आली, सोबती दिसेनासा झाला किंवा नुसते मनाला बरे वाटेना, तर कोणतेही कारण न देता वर येण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. सोबत्यांनी त्याला हसू नये. समुद्र उद्याही तेथेच असणार आहे.