टोपली देणारी बाई

नैरोबीच्या उहुरू पार्कमध्ये २०१५ साली एक स्मारक उभं राहिलं. जंगलातल्या बंडखोराच्या हाती एक बाई जेवणाची टोपली देते आहे. दोघांची तोंडं मात्र विरुद्ध दिशांना! एकमेकांचा चेहराच पाहिला नाही, तर पकडल्यावर सांगणार काय?

गनिमी कावा म्हटलं की आपल्याला डोंगर, जंगल, छापे आठवतात. मला मात्र नेहमी पडणारा प्रश्न अगदी बायकी आहे (हसू नका हं): या माणसांना जेवायला कोण घालत होतं?

केनियात १९५२ साली इंग्रजांनी आणीबाणी पुकारली. गोऱ्या मळेवाल्यांनी घेतलेल्या जमिनींसाठी किकुयू माणसं माऊ माऊच्या बंडात उतरली, जंगलात शिरली. काही बायकाही गेल्या. बाकीच्या 'घरीच' होत्या, म्हणजे रात्री जंगलाच्या कडेला धान्य, औषधं, निरोप पोचवत होत्या.

सरकारनं हे बरोबर हेरलं. बंदूकवाला सापडत नाही ना, मग त्याची चूल विझवा. १९५४ पासून दीड वर्षात दहा लाखांवर लोकांना घरांतून काढून ८०० हून जास्त नव्या वस्त्यांत कोंबलं. जुनी घरं जाळली. भोवती खंदक, काटेरी तार, पहारा. पुरुष बरेचसे छावण्यांत, त्यामुळे वस्त्यांत मुख्यतः बायका, म्हातारे आणि पोरं. जंगलाच्या कडेचा मैलोन् मैल खंदक या बायकांकडूनच सक्तीनं खणून घेतला. उरलेल्या थोड्या वेळात शेत, पाणी, सरपण. भुकेनं कितीतरी मुलं दगावली. आणि त्याच काळात सरकारी आशीर्वादानं महिला मंडळं निघत होती, शिवण नि बालसंगोपन शिकवायला! जिचं शेत बंद केलं, तिला बाळाचा आहार शिकवायचा. याला काय म्हणावं?

२०१३ मध्ये ब्रिटननं छळ झाल्याचं मान्य केलं, खेद व्यक्त केला, ५,२२८ जणांसाठी सुमारे दोन कोटी पौंड दिले. कायदेशीर जबाबदारी मात्र नाकारलीच. पुढे आणखी चाळीस हजार जण लंडनच्या कोर्टात गेले. फार काळ लोटला, आता न्याय्य सुनावणी शक्य नाही, असं २०१८ साली न्यायाधीशांनी सांगितलं.

मला हे पटत नाही. उशीर त्या म्हाताऱ्यांनी केला होता का? कागदपत्रं तर सरकारनंच वर्षानुवर्षं दडवून ठेवली होती.