ओसरीवरून : गाडी वळणावर कां घसरली?

गेल्या श्रावणांतील गोष्ट. आमच्या वडील बंधूंच्या नातवानें त्या सुमारास एक जुनी मोटार विकत घेतली होती. गाडी ठेंगणी, चपळ, अंगाच्या मानानें जोर अधिक असलेली. घरांतील अकरा माणसें तींत एका वेळीं मावत नाहींत ही तक्रार सोडली, तर तिचें कोडकौतुक सर्वांनींच केलें. आमच्या वहिनींना कंबरेच्या दुखण्यासाठीं दर महिन्यास यवतमाळहून सेवाग्रामच्या इस्पितळांत न्यावें लागतें, एस. टी. च्या धक्क्यांतून त्यांची सुटका झाली म्हणून आम्हांसही समाधान वाटलें होतें.

एके सायंकाळीं मंडळी एका नातलगांकडील मंगळागौरीहून परत येत होती. कळंब-राळेगांव रस्त्यावर पावसाची भुरभुर चालू होती. एका वळणावर गाडीचें मागचें अंग सरकलें, गाडी आडवी झाली आणि रस्ता सोडून सरळ पऱ्हाटींत शिरली. ईश्वरकृपेनें कोणास खरचटलेंही नाहीं. पण वहिनी मागच्या बाकावर होत्या. घरीं आल्यावर त्या एवढेंच म्हणाल्या, "मला आतां एस. टी. च बरी." नातू त्या रात्रीं जेवला नाहीं.

आठ दिवसांनीं चिरंजीवांनीं उपाय शोधून आणला. एका कारागिरानें त्यास सांगितलें होतें कीं, गाडी उंच आहे म्हणून झुकते व झुकते म्हणून घसरते. चारही स्प्रिंगांचा एक एक वेढा कापून टाकला म्हणजे ती जमिनीस चिकटून चालेल. आम्ही म्हटलें, "कंपनीनें जें दिलें त्यास हात लावावयाचा नाहीं." तो म्हणाला, "मग आबा, आजीला मी पुन्हां कसा नेऊं?"

ह्या प्रश्नास आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. मुलाची चूक दाखविणें सोपें. त्याच्या प्रश्नाचें उत्तर शोधून देणें हें मास्तराचें काम, आणि तें आम्हीं केलें नव्हतें. म्हणून ह्या वयांत आम्ही पुन्हां विद्यार्थी झालों. जें हातीं लागलें तें येथें देत आहों. कारण अशी मोटार आतां पुष्कळांच्या दारांत उभी असेल, आणि असा नातूही घरांत असेल.

प्रथम एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. मोटार केवढीही असो, ती जमिनीस चारच ठिकाणीं शिवते, आणि तें प्रत्येक ठिकाण सुमारें तळहाताएवढें असतें. वळणें, थांबणें, वेग घेणें हीं सारीं कामें ह्या चार तळहातांवर चालतात. स्प्रिंग, शॉकअप, दांडे, बुश ह्या सर्व खटाटोपाचा हेतु एकच : टायर जमिनीवरून सुटूं नये. बसणाऱ्यास सुख हा दुसरा हेतु. तोही पहिल्याशीं फारसा भांडत नाहीं.

स्प्रिंगेचा नियम हूक ह्या इंग्रज शास्त्रज्ञानें १६७८ सालीं प्रसिद्ध केला. जेवढा भार तेवढें दबणें, हें त्याचें सार. पण दबलेली स्प्रिंग उसळते, उसळून पुन्हां दबते. तिला आपण होऊन थांबणें ठाऊक नाहीं. जुन्या टांग्याच्या कमानींत लोखंडी पाटे एकावर एक असत, व ते एकमेकांवर घासल्यानें उसळी बरीच जिरून जाई. मोटारीच्या वेटोळ्या स्प्रिंगेंत असें घर्षण जवळजवळ नसतें. म्हणून तिच्या जोडीस शॉकअप द्यावा लागतो. त्यांतील तेल बारीक छिद्रांतून ढकललें जातें व उसळीची शक्ति उष्णतेंत जिरते. स्प्रिंग भार उचलते, शॉकअप चांचल्य आवरतो. ही कामें निराळीं आहेत. शॉकअप थकला असतां स्प्रिंग कठीण करणें म्हणजे सारथी निजला असतां घोडा बदलण्यासारखें आहे.

आतां झुकण्याविषयीं. वळणावर आंतल्या चाकांवरील कांहीं भार बाहेरच्या चाकांवर जातो. एकंदर किती भार जावयाचा, हें गाडीचें वजन, गुरुत्वमध्याची उंची, डाव्या-उजव्या चाकांतील अंतर, वेग आणि वळणाची गोलाई ह्यांवर ठरतें. स्प्रिंग कठीण केल्यानें गाडी कमी झुकलेली दिसते; परंतु तो एकंदर भार जवळजवळ तेवढाच जातो. गाडी खालीं बसविली तर मात्र तो थोडा घटतो. किती घटतो? गुरुत्वमध्य जमिनीपासून ५५० मिलिमीटर उंच आहे असें धरूं व गाडी ३० मिलिमीटर खालीं आणूं. फायदा शेंकडा पांच-साडेपांच. आतां त्याच गाडीनें तेंच वळण साठाऐवजीं पन्नासाच्या वेगानें घ्यावें. येथें वेगाचा वर्ग लागतो : ३६०० च्या जागीं २५००. फायदा शेंकडा तीस! हें गणित आम्हीं पाटीवर मांडून दाखविलें तेव्हां चिरंजीव बराच वेळ पाटीकडे पाहत राहिले.

दुसरी गोष्ट ऐकून आम्हांसच नवल वाटलें. आजच्या बहुतेक लहान गाड्यांच्या पुढच्या चाकांस मॅकफर्सन नांवाच्या अमेरिकन अभियंत्याची रचना असते. तींत गाडी फार खालीं आणली तर खालचे दांडे वर कलतात. गाडी ज्या बिंदूभोंवतीं झुकते तो बिंदु गुरुत्वमध्याहूनही अधिक खालीं उतरतो, आणि झुकविणारी तरफ लांब होते. झुकणें कमी करावयास जावें आणि झुकविणारा जोरच वाढावा, असा हा प्रकार. वेढा कापण्यांत आणखी दोष आहेत. सहा वेढ्यांची स्प्रिंग पांच वेढ्यांची झाली कीं ती पंचमांशानें अधिक कठीण होते, पण शॉकअप जुन्या स्प्रिंगेच्या मापाचाच राहतो. कापलेलें टोंक आपल्या बैठकींत नीट बसत नाहीं. चाक खड्ड्यावर लोंबकळलें असतां स्प्रिंग जागेवरून हलूं शकते. शिवाय चाकास वर येण्यास जागा कमी उरते, रबरी ठोकळ्यावर आदळ बसते, आणि त्या क्षणीं टायर जमीन सोडतो.

हें सर्व आमच्या जिल्ह्यांत अधिक लागू आहे. आमची जमीन काळी, कापसाची. पावसाळ्यांत ती फुगते, उन्हाळ्यांत भेगाळून आकसते. वरचा डांबरी रस्ता तिच्याबरोबर श्वासोच्छ्वास करतो, त्यास लाटा येतात, कडा खचतात. वणीकडे कोळशाच्या ट्रकांनीं चाकोऱ्या पाडलेल्या असतात. गुळगुळीत शर्यतीच्या मार्गावर कठीण स्प्रिंग शोभते. लाटांच्या रस्त्यावर ती चाकास नाचविते. आणि नाचणारें चाक वळत नाहीं, थांबतही नाहीं.

तर मग सुधारणा कधींच करूं नये काय? तसें नव्हे. आपल्या महाराष्ट्रांतच रांजणगांव येथें तयार झालेली फियाटची अबार्थ पुंटो २०१५ च्या ऑक्टोबरांत बाजारांत आली. ती साध्या पुंटोहून खालीं बसविलेली व कठीण होती. परंतु त्या कारखान्यानें एकट्या स्प्रिंगांस हात लावला नव्हता; जोरकस एंजिनाबरोबर चारही चाकांस डिस्क ब्रेक दिले होते. एक अंग बदललें कीं बाकीचींही त्याच्या मापाचीं करावीं लागतात. एवढें करूनही ती गाडी जमिनीपासून १५५ मिलिमीटरच उंच राहिली. आमच्याकडील गतिरोधकांवर असा ठेंगणेपणा जपूनच न्यावा लागतो.

आतां आमच्या गाडीचें. गांवांतील एका तरुण मेकॅनिकाकडे आम्ही तिघे गेलों. त्यानें प्रथम मागचा कोपरा हातानें दाबून सोडला. गाडी एकदां वर येऊन स्थिर व्हावी, ती तीनदां डुलली. मागच्या शॉकअपांतून तेल ओघळलेलें होतें. मग त्यानें टायरच्या कुशीवरील चार आंकडे वाचून दाखविले. त्यांतील पहिले दोन आठवड्याचे, पुढले दोन वर्षाचे. मागच्या टायरांवर २३१६, म्हणजे २०१६ सालचा तेविसावा आठवडा. आधींच्या मालकानें पुढचे टायर नवे घातले होते व हे म्हातारे मागें ठेवले होते. पुढचें अंग रस्ता धरून आहे आणि मागच्यास धर नाहीं, अशा गाडीनें ओल्या वळणावर मागून सरकावें ह्यांत नवल तें काय?

येथें आमचाही गर्व उतरला. कंपनीनें दिलेल्यास हात लावूं नये असें आम्ही म्हणत होतों. पण कंपनीनें जें दिलें होतें तें झिजून केव्हांच नाहींसें झालें होतें. नातू चुकीचा उपाय मागत होता, आणि आम्ही रोगच नाकबूल करीत होतों.

अखेर ठरलें तें असें. आधीं चारही टायर नवे, एकाच जातीचे. हवा दाराच्या खांबावरील तक्त्याप्रमाणें. नंतर चारही शॉकअप व फाटलेले बुश. शेवटीं चाकांची दिशा यंत्रावर जुळविणें, कारण हें काम राहिलें तर नवे टायरही तिरपे झिजतात. स्प्रिंगा मूळच्याच. नातवाची हौस म्हणून शॉकअप मूळ स्प्रिंगेस जुळणारे, परंतु किंचित् अधिक आवर घालणारे घेतले. ही मागणी रास्त होती व आम्हीं ती आनंदानें मान्य केली. मागच्या चाकांस जाड स्टॅबिलायझर बार बसवावा असेंही त्याच्या मनांत होतें. त्यानें गाडी वळणांत तत्परतेनें शिरते हें खरें; पण मागच्या टायरांवरचा ताण वाढून, ओल्या रस्त्यावर वेग एकाएकीं कमी करतांच मागचेंच अंग आधीं सुटण्याची भीति असते. ज्या रोगानें आपण पऱ्हाटींत गेलों तोच विकत कां घ्यावा, असें त्यानेंच म्हटलें.

कायद्याकडेही पाहावें. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानें, निर्मात्यानें मुळांत ठरविलेल्या तपशिलाहून गाडीची नोंद निराळी पडेल असा बदल करण्यास मनाई आहे. सर्वोच्च न्यायालयानेंही २०१९ च्या जानेवारींत हें कलम कडकपणें वाचलें. झिजलेल्या भागाच्या जागीं त्याच मापाचा भाग घालणें ही दुरुस्ती होय. त्यापुढें जावयाचें असेल तर परिवहन कार्यालयास व विमा कंपनीस आधीं विचारावें.

आमच्या यवतमाळांत 'शाकुंतल' म्हटलें कीं लोकांस मूर्तिजापूरची ती छोटी आगगाडी आठवते. आम्हांस मात्र ह्या प्रकरणांत कालिदासाचा सारथी आठवला. पहिल्या अंकांत हरिण दूर गेलें असें राजा म्हणतो, तेव्हां तो शांतपणें सांगतो कीं, भूमि खडबडीत होती म्हणून मीं लगाम खेंचून रथाचा वेग कमी केला. आतां सपाट जागा आली आहे, आतां हरिण दूर नाहीं. मृगयेचा आवेश राजास होता, भूमीवर नजर सारथ्याची होती.

भाद्रपदांतल्या एका पावसांत चिरंजीवांनीं आम्हांस शेजारीं बसवून त्याच वळणावरून गाडी नेली, चाळीसच्या वेगानें. गाडी थोडी झुकली, पण सरकली नाहीं. आश्विनांत वहिनी सेवाग्रामला गेल्या. जातांना देवळीपर्यंत त्यांनीं दारावरची मूठ सोडली नाहीं. परततांना मात्र त्यांस झोंप लागली, आणि घर येईपर्यंत नातवानें गाडीचा हॉर्नही वाजविला नाहीं.

वाचकहो, आपल्या दारांतील गाडीचे ते चार आंकडे आजच वाचून पाहावे, व चारही कोपरे एकदां दाबून पाहावे. त्यास पैसा लागत नाहीं.