दोन वाजून अडतीस मिनिटं

आइसलंडचं 2016 म्हटलं की आधी फुटबॉल आठवतो, आणि का आठवू नये? सव्वातीन लाखांच्या आसपास वस्तीचा देश पहिल्यांदाच युरो स्पर्धेत उतरला आणि 27 जूनला नीसमध्ये त्याने इंग्लंडला 2-1 असं हरवून घरी धाडलं. चौथ्या मिनिटाला इंग्लंडच्या रूनीने पेनल्टीवर गोल केला. दोनच मिनिटांत आरॉन गुन्नार्सनचा लांबलचक थ्रो-इन, काउरी आउर्नासनने डोक्याने दिलेली दिशा, राग्नार सिगुर्डसनचा पाय आणि बरोबरी! प्रशिक्षकांच्या जोडीतले हेमिर हालग्रिमसन पेशाने दंतवैद्य. तरी हा दैवयोग नव्हे. 2000 नंतर तिथे फुटबॉलसाठी बंदिस्त मैदानं उभी राहिली, शाळकरी मुलांनाही रीतसर शिकलेले प्रशिक्षक मिळू लागले.

मला मात्र त्या वर्षातल्या दोन मोर्चांबद्दल बोलायचं आहे.

पहिला 4 एप्रिलचा. परदेशी कंपन्यांची गुपितं फोडणाऱ्या पनामा कागदपत्रांत पंतप्रधान सिग्मुंदुर गुनलॉयगसन यांच्या पत्नीची परदेशी कंपनी निघाली. आधी ती दोघांच्या मालकीची होती. बुडालेल्या आइसलंडी बँकांकडे तिचं येणं होतं. मुलाखतीत तो प्रश्न येताच पंतप्रधान उठून चालते झाले. ते चित्रण देशाने पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी रेक्याविकमध्ये संसदेसमोर हजारो माणसं जमली. इमारतीवर अंडी आणि स्किर, म्हणजे तिथला चक्का, फेकला गेला. एका दिवसात पंतप्रधानांना पायउतार व्हावं लागलं.

पण पुढे? वसंतात पाहण्यांमध्ये आघाडीवर असलेल्या पायरेट पक्षाला 29 ऑक्टोबरच्या निवडणुकीत 63 पैकी 10 जागा मिळाल्या. सर्वांत मोठा ठरला तो सत्तेतलाच इंडिपेंडन्स पक्ष. जानेवारीत पंतप्रधान झाले ब्यार्नी बेनेदिक्तसन, ज्यांचं नाव त्याच पनामा कागदपत्रांत होतं. एप्रिलच्या संतापाने माणूस बदलला, सत्तेची वीण तशीच राहिली. याचं मला आजही वाईट वाटतं.

दुसरा मोर्चा मतदानाच्या पाच दिवस आधीचा, 24 ऑक्टोबरचा. दुपारी 2 वाजून 38 मिनिटांनी बायकांनी हातातलं काम ठेवलं आणि त्या बाहेर पडल्या. वेळ हिशेबाने काढलेली होती. बायकांची सरासरी कमाई तेव्हा पुरुषांपेक्षा सुमारे 30 टक्क्यांनी कमी होती. म्हणजे नऊ ते पाचच्या दिवसात 2.38 नंतर त्या फुकट राबत होत्या. 2005 मध्ये हीच वेळ 2.08 होती. अकरा वर्षांत अर्धा तास! याच गतीने गेलं तर पाच वाजायला आणखी अर्धशतक लागणार, हे कुणालाही बोटांवर मोजता यावं.

ही परंपरा 1975 च्या 24 ऑक्टोबरपासूनची. त्या दिवशी देशातल्या सुमारे 90 टक्के बायकांनी नोकरी आणि घरकाम दोन्ही बंद ठेवलं होतं. तिचं बळ मला या मोजणीत दिसतं. पंतप्रधान गेला की चौक रिकामा होतो. घड्याळाचा काटा पाचवर आला नसेल, तर बायकांना घरी बसायचं कारण नसतं. 2018 पासून 25 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना समान कामाला समान वेतन देत असल्याचं प्रमाणपत्र कायद्याने सक्तीचं झालं. तरीही 2023 च्या 24 ऑक्टोबरला बायकांनी पुन्हा पूर्ण दिवस काम थांबवलं, आणि पंतप्रधान कात्रिन याकोब्सदोत्तिर स्वतः त्या संपात होत्या.