मंत्रिपदाचे मोजमाप

रामदास आठवले यांचे नाव निघाले की आपल्या मंडळींत बहुधा दोनच प्रतिक्रिया उमटतात: काही जण हसतात, तर काही खेदाने विषय बदलतात. त्यांच्या चारोळ्या आणि २०२० मधील ‘गो कोरोना’ची घोषणा कॉव्हेंट्रीतल्या घरांतही पोहोचली. इथे वाढणाऱ्या आपल्या मुलांना त्यांची कारकीर्द मात्र ठाऊक नाही. या माणसाला चारोळ्यांवरून जोखणे हा चळवळीच्या इतिहासावर अन्याय होईल.

सांगली जिल्ह्यातील आगळगावी १९५९ साली जन्मलेले आठवले वडाळ्याच्या सिद्धार्थ विहारातून पँथरच्या चळवळीत आले आणि नामांतराच्या लढ्यात पुढे आले. १९९० मध्ये ते शरद पवारांच्या मंत्रिमंडळात समाजकल्याणमंत्री झाले. १४ जानेवारी १९९४ रोजी मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार झाला, तेव्हा ते मंत्री होते. १९९८ मध्ये काँग्रेसशी समझोता करून प्रकाश आंबेडकर, रा. सू. गवई, जोगेंद्र कवाडे आणि आठवले हे चौघे खुल्या मतदारसंघांतून लोकसभेत गेले. ते ऐक्य टिकले नाही. पुढे आठवले पंढरपूरचे खासदार झाले, २००९ मध्ये शिर्डीत पराभूत झाले, २०११ मध्ये शिवसेना-भाजपसोबत गेले आणि २०१४ मध्ये राज्यसभेवर पोहोचले. जुलै २०१६ पासून ते केंद्रात सामाजिक न्याय खात्याचे राज्यमंत्री आहेत.

इतरांच्या बळावर मिळालेले मंत्रिपद म्हणजे लाचारीच, असा आक्षेप घेतला जातो. तो मला अपुरा वाटतो. १९४७ मध्ये बाबासाहेब कायदामंत्री झाले, तेव्हा शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे संसदीय बळ नगण्य होते. निमंत्रण काँग्रेसचे होते. त्याआधी १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना त्यांनी अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्तीची तरतूद मिळवली आणि त्यातून काही तरुण परदेशी शिकायला गेले. हिंदू कोड बिल रखडले, अनुसूचित जातींची उपेक्षा थांबेना, तेव्हा सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. म्हणजे पद कोणी दिले, यापेक्षा त्या पदावरून काय मिळवले आणि कशासाठी ते सोडण्याची तयारी होती, हेच खरे मोजमाप होय.

हे मोजमाप आज लावायचे तर प्रकरण दूरचे नाही. केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आठवले यांच्याच मंत्रालयाकडे आहे. २०२२ च्या नियमावलीत भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतविषयक सामाजिक अभ्यास हे संशोधनविषय या शिष्यवृत्तीतून वगळण्यात आले. शेजारच्या वॉरिक विद्यापीठात येऊन जातिव्यवस्थेवर संशोधन करू इच्छिणाऱ्या आपल्या मुलीला त्या नियमाने दार बंद केले. बाबासाहेबांनी मे १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात भारतातील जातींवर निबंध वाचला होता. तो विषयही या नियमात बसला नसता.

राज्यमंत्र्याच्या हाती अधिकार थोडे असतात, हे मान्य. खात्याचा अंतिम शब्द कॅबिनेट मंत्र्याचा असतो आणि मंत्रिमंडळाच्या बैठकीला राज्यमंत्री एरवी बसत नाही. परंतु आग्रह धरायला, लेखी विरोध नोंदवायला आणि समाजाला विश्वासात घ्यायला मोठे खाते लागत नाही.

म्हणून परदेशस्थ संघटनांना माझी विनंती आहे: आपले मंत्री लंडनला आले की त्यांच्यासोबत छायाचित्रे काढावीत, हारही घालावेत, पण त्याच भेटीत शिष्यवृत्तीच्या या नियमाविषयी लेखी निवेदन द्यावे आणि उत्तराचा पाठपुरावा करावा. चळवळीतून आलेल्या नेत्याला टाळ्या नि टिंगल दोन्ही भरपूर मिळाल्या. त्याच्या कामाचा हिशेब मागणारा समाज मात्र त्याला क्वचितच भेटला. ती उणीव आपण भरून काढू शकतो.